सिर्केजी ते उस्कुदार

आज मार्मारायने, म्हणजे समुद्राखालून जाणाऱ्या रेल्वेने, इस्तंबूलमधली बॉस्फरस सामुद्रधुनी ओलांडली. युरोपातल्या सिर्केजीहून चारेक मिनिटांत आशियातलं उस्कुदार, म्हणजे खंडच बदलला. डब्यात कुणी मोबाईलमधून मानसुद्धा वर केली नाही.

तुर्कस्तानची जेमतेम ३ टक्के जमीन युरोपात. पण 'तुर्क कोण' हे या पाण्याने ठरवलंच नाही. १९२३ च्या ग्रीसबरोबरच्या लोकसंख्या अदलाबदलीत निकष होता धर्म, भाषा नव्हे. म्हणून तुर्की बोलणारे अनातोलियातले (तुर्कस्तानच्या आशियाई भागातले) ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला धाडले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान इकडे आले. इस्तंबूलच्या ग्रीकांना सूट मिळाली. पुढे तुर्क ओळख कायद्यानेही घडवली गेली: १९२८ मध्ये तुर्की भाषेला लॅटिन लिपी, १९३४ मध्ये आडनाव सक्तीचं करणारा कायदा.

आजच्या संविधानाचं कलम ६६ सांगतं, नागरिक असेल तो प्रत्येक जण तुर्क. वाचायला सुटसुटीत, देशातल्या अल्पसंख्य कुर्दांपैकी बऱ्याच जणांना मात्र ते पटत नाही. 'पूर्व-पश्चिमेचा पूल' ही पर्यटनवाल्यांची ओळ मला तरी उथळ वाटते. राजधानी अंकारा अख्खी आशियात आहे, आणि युरोपीय संघात शिरण्यासाठीचा १९८७ चा अर्ज अजून रखडलेला आहे.