माळ मोकळाच राहू द्या

आज सुप्याच्या माळावर माळटिटवीचं घरटं दिसलं. घरटं कसलं, मुरमात उथळ खळगा आणि कडेला चार खडे. आत मातकट, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. दोन पावलांवरूनही दिसत नाहीत, म्हणूनच गाडीच्या चाकाखाली जातात.

मार्च ते मे हा इथल्या माळटिटवीच्या विणीचा काळ. धाविक, पखुर्डी, डोंबारी हे माळावरचे पक्षीही जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की जागीच थांबा, पायाखाली बघा आणि आल्या वाटेनेच मागे फिरा. फोटोसाठी बसून राहू नका. भर उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो सावलीसाठी. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंडी गार ठेवतो. तो उठून राहिला तर आतलं पिल्लू उन्हाने मरतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते माळाला 'पडीक' समजून केलेल्या झाडलावणीचं. चर आणि खड्डे खणताना घरटी जातात. पुढे झाडं वाढली की कावळ्यांना टेहळणीची जागा मिळते आणि धाविकाला लागणारी मोकळी नजर संपते. इथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) नकोच! बोर, हिवर आपसूक उगवलेत तेवढे पुरेत.

मेंढ्या फिरल्या तर चालतं, धाविकाला आखूड गवतच आवडतं. पण काही पट्टे बी झडेपर्यंत राखा, कापणी त्यानंतर. वणवा मात्र अजिबात नको. आणि घरट्याचं लोकेशन कुठेही टाकू नका, ग्रुपवरसुद्धा.