रंकाळ्यावरचा तो बाप

आज संध्याकाळी रंकाळा चौपाटीवर जे बघितलं ते लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

एक आज्जी कडेला बसल्या होत्या. गाडीवरनं दोघं आले, मागच्यानं वाकून त्यांच्या गळ्यातली बोरमाळ हिसकली. आज्जी ओरडल्या, पण क्षणभर कुणालाच काही सुचेना. शेजारी एक बाप लेकीला भेळ भरवत होता. "वहिनी, हिला धरा जरा," एवढंच माझ्या बायकोला म्हणाला आणि धावत जाऊन मागच्याच्या कॉलरला हात घातला. चार पावलं फरफटत गेला, पण मूठ सोडली नाही. गाडी आडवी झाली. पुढचा पळाला, हा सापडला. माळ त्याच्या मुठीतच होती.

लोक चोराला मारायला धावले तर हा बापच मधे पडला. "कुणी हात लावायचा न्हाई! ११२ ला फोन करा."

मला तर हे जास्त मोठं वाटलं. डोळ्यांदेखत असा गुन्हा घडला तर सामान्य माणूसही आरोपीला पकडू शकतो, फक्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. मारायचा अधिकार कुणालाच नाही. जुलै २०२४ पासून हिसकावून चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे.

कोपर पार सोलवटलेलं. आज्जी पदरानं रक्त पुसत होत्या आणि लेक विचारत होती, "पप्पा, दुखतंय?"

भावा, गडबडीत तुझं नाव विचारायचं राहिलं. आज्जींच्या मुलाला तुम्हा दोघांना घरी जेवायला बोलवायचंय. ओळखीच्या कुणी वाचलं तर तेवढा निरोप द्या.