उसगाळीमळची कातळशिल्पं: चारनंतर जा

गोव्यातल्या उसगाळीमळला पहिल्यांदा गेलो ते भर श्रावणात, आणि गढूळ पाणी बघून परत आलो. पावसाळ्यात कुशावती नदी चित्रं कोरलेल्या या कातळावर चढते, एवढंसुद्धा कुणाला विचारलं नव्हतं. यंदा जानेवारीत गेलो, तर नेमकं दुपारी बारा वाजता पोहोचण्याचा शहाणपणा केला. डोक्यावर ऊन, समोर नुसता काळपट जांभा. चित्रं कुठं आहेत, हेच कळेना. त्यात राखणदारानं बजावलं, "पांयतणां हांगाच काडात" (चपला इथंच काढा). तापलेल्या जांभ्यावर अनवाणी चार पावलं टाकली आणि सावलीत पळालो. जाड मोजे बरोबर ठेवा.

मग बसून राहिलो. चारनंतर ऊन तिरपं झालं आणि खाचांच्या कडांना सावली धरू लागली. आधी एक वशिंड दिसलं, मग शिंगं, मग अख्खा बैल. राखणदारानं एका आकृतीवर तांब्याभर पाणी ओतलं, तशी रेघ गडद झाली. मला सगळ्यात खिळवून ठेवलं ते चक्रव्यूहानं. बोटभर रुंदीची खाच, वेढ्यात वेढा. नजरेनं वाट धरून आत जायला लागलो, तर दोनदा मध्येच चुकलो.

शंभराहून जास्त आकृत्या इथं आहेत: बैल, हरणं, मोर, पावलं, माणसं. गावकऱ्यांना त्या ठाऊक होत्याच, गुराख्यांनी कोरल्या असं ते समजत. पुरातत्त्ववाल्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचली 1993 मध्ये. वयाबद्दल वीस-तीस हजार वर्षं असं कुणीही छातीठोक सांगेल, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. तेव्हा आकडा ऐकून घ्या, वाद घालू नका.

जागा सांगे तालुक्यात, रिवणच्या पुढे. मडगावहून केपेमार्गे रिवणपर्यंत बस मिळते, पण पुढची तंगडतोड टाळायची तर स्वतःची गाडी हवी. पाणी-खाणं आधीच घेऊन ठेवा, कातळापाशी दुकान नाही. डिसेंबर ते मे हा काळ बरा. फोटोत उठून दिसावं म्हणून खाचांत खडू भरू नका. मोबाइल जमिनीलगत आडवा धरा, सावलीच काम करते.

सकाळी वेळ असेल तर रिवणच्या पांडवांच्या गुहा उरकून घ्या. वाकून आत शिरावं लागतं, विजेरी न्या. पण चारच्या आत कातळावर हजर राहा.