कवटी उघडी, काका जागे

मेंदूच्या ऑपरेशनला पेशंट बोलता हवा असं सर्जन म्हणाले की आम्हा भूलतज्ज्ञांचं काम दुप्पट होतं. वडोदऱ्यातली ही केस तशीच. दांडिया बाजारातले एक शिंपीकाका, डाव्या मेंदूत वाचेच्या केंद्राला खेटून गाठ. घरी मराठी, दुकानात गुजराती, त्यामुळे दोन्ही भाषा तपासायच्या. मराठीचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

प्रोपोफॉल मी बाजूलाच ठेवलं. त्यानं झोप झकास लागते, पण श्वास मंदावतो. डोकं क्लॅम्पमध्ये आवळलेलं असताना श्वासाची नळी घालायची वेळ आली तर पंचाईत. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू फुगतो, आणि सर्जन लगेच आमच्याकडे बघतात! डेक्समेडेटोमिडिन श्वासाला फारसा धक्का लावत नाही आणि हाक मारली की माणूस डोळे उघडतो. आधी किलोमागे १ मायक्रोग्रॅम, १० मिनिटांत सावकाश. मग अगदी थेंबाथेंबानं. दुखू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या नसांना स्काल्प ब्लॉक, म्हणजे कातडी बधिर करणारी इंजेक्शनं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते कातडीला आणि ड्यूराला, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाला.

पहिला डोस संपता संपता नाडी ४४. या औषधाची ही जुनी खोड. बीपी टिकून होतं, म्हणून नाडी वाढवणारं ॲट्रोपिन भरून नुसतं हाताशी ठेवलं. वेग कमी केल्यावर नाडी वर आली.

ड्यूरा उघडला, डेक्स (डेक्समेडेटोमिडिन) बंद केलं. "काका, उठा. हे काय?"

"कात्री." मग जरा थांबून, "कागदाची. कापडाची अशी नसते, ताई."

वाचेची जागा नेमकी कुठे ते शोधायला सर्जन मेंदूला हलका करंट देत पुढे सरकत होते. अचानक काकांच्या ओठाची उजवी कड फडफडू लागली. फिट! फिट थांबवणाऱ्या मिडाझोलामची सिरिंज समोरच होती. पण ते दिलं असतं तर काका गुंगले असते आणि तपासणी तिथेच आटोपली असती. सर्जननी बर्फासारखं गार सलाइन मेंदूवर सोडलं. फडफड थांबली. छत्रीचं चित्र धरलं, तर उत्तर यायला वेळ लागला. आलं ते जड जिभेनं, पण बरोबर. मग गुजरातीची पाळी, "छत्री"च पुन्हा, यावेळी चटकन.

गाठ निघाली. हाड बसवताना डेक्स परत सुरू करणार, तेवढ्यात काका कुरकुरले, "डोक्याचं चालू द्या हो, पण ती लघवीची नळी कधी काढता?"