तुम्ही विचारलंत म्हणून : ओपीडी सोडल्यावर

"इतकी वर्षं घालवून डॉक्टर झालात आणि पेशंट बघणंच सोडलंत? शिक्षण वाया गेल्यासारखं नाही वाटत?" हे मला वरचेवर विचारलं जातं. नातेवाइकांच्या विचारण्यात हळहळ असते. हल्ली तरुण डॉक्टरही विचारतात, आणि त्यांच्या मनात वेगळंच असतं : आम्हीही सोडलं तर चालेल का? हे उत्तर मुख्यतः त्यांच्यासाठी.

मी फिजिशियन आहे. वॉर्ड, ओपीडी आणि रात्रीचे कॉल यांतून बाहेर पडून आता फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधसुरक्षेत, काम करते. वापरात असलेल्या औषधांचे दुष्परिणाम ठिकठिकाणाहून कळवले जातात. ते वाचायचे आणि त्यात औषधाचा हात कितपत आहे हे ठरवायचं.

शिक्षण कुठे कामी येतं ते एका नमुन्यावरून सांगते. समजा अहवाल आलाय : वयस्क बाई, नवीन औषध सुरू केलं, पाय दुखायला लागले, खुर्चीतून उठवेना, दाखल करावं लागलं. संशयित औषध म्हणून त्या नव्या औषधाचंच नाव. खाली बाकीच्या औषधांत कोलेस्टेरॉलसाठीचं सिमव्हास्टॅटिन, आणि छातीतल्या संसर्गासाठी नुकतंच दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन. असा पेशंट ज्याने वॉर्डात पाहिलाय त्याची नजर त्या दोन नावांवर अडकतेच. सिमव्हास्टॅटिनचं विघटन करणारं सीवायपी३ए४ हे एन्झाइम क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं, त्यामुळे सिमव्हास्टॅटिनची रक्तातली पातळी चढते, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि मूत्रपिंडांवर संकट येतं. मग कळवणाऱ्याला उलट विचारायचं : लघवी गडद होत होती का? सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) किती आलं? क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडांचं काम सांगणारी रक्ततपासणी)? कोणती गोळी कधी थांबवली आणि त्यानंतर उतार पडला का? खाटेशेजारी उभी राहून मी हेच विचारत होते.

या क्षेत्रात मला सगळ्यात आदर वाटतो तो फ्रान्सेस केल्सी यांच्याबद्दल. त्या औषधशास्त्रज्ञ आणि डॉक्टर, काही काळ साउथ डकोटात प्रॅक्टिस केलेल्या. १९६० मध्ये त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि लगेचच थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाच्या मंजुरीचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. कंपनीचा तगादा चालू होता, तरी पुरावा अपुरा आहे म्हणून त्या मंजुरी देईनात. पुढे हे औषध घेतल्याने नसांना इजा झाल्याची पत्रं वैद्यकीय नियतकालिकात आली, तेव्हा त्यांनी पोटातल्या बाळाचं काय, असा प्रश्न लावून धरला. १९६१ च्या अखेरीस हे औषध जर्मनीत मागे घेतलं गेलं. तोवर जर्मनीसह इतर देशांत गरोदरपणी ते घेतलेल्या बायकांची हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली होती. केल्सींनी त्यासाठी एकही पेशंट तपासला नव्हता, पण कागदातून पेशंट दिसायला डॉक्टरच लागतो, असं मला मनापासून वाटतं.

तरी गमावतोही आपण. बरा झालेला माणूस दारात येऊन उभा राहतो, ते इथे नाही. आपल्या एका शेऱ्यामुळे औषधाच्या माहितीपत्रकात इशारा वाढला, तर त्यामुळे कोण वाचलं हे कधीच कळत नाही. मला त्याची चुटपुट अजून लागते. शिवाय कन्सल्टंट म्हणून आपला शब्द अखेरचा असतो, आणि नव्या जागी वयाने लहान सहकारी आपल्या मसुद्यावर लाल खुणा करून परत पाठवतात. हे पचवायला वेळ लागतो.

म्हणून निघण्याआधी एकच तपासा : कंटाळा पेशंटचा आलाय की ड्यूटीचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजार आणि आरोग्यस्थितींच्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी स्थिती, असं तिथे म्हटलंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोष जागेचा असेल तर आधी जागा बदलून बघावी. सलग झोप झालेल्या दिवशी हिस्ट्री घेताना मन रमतं का ते पाहा. रमत असेल तर युनिट बदला, रात्रीचे कॉल कमी करून घ्या, शिकवायला लागा, पण पेशंट सोडू नका. विश्रांतीनंतरही मन समोरच्या माणसापेक्षा आकड्यांकडे, औषधांच्या वागण्याकडे, धोरणांकडे ओढ घेत असेल, तर खुशाल निघा.

आणि राजीनामा देण्याआधी त्या कामात असलेल्या कुणाशेजारी दिवसभर बसा. पदनाम काय, पगार किती हे सगळे विचारतात. दुपारी तीन वाजता तुमच्यासमोर काय असतं, हे विचारा. माझ्यासमोर स्क्रीन असतो आणि तो मला आवडतो. काही जणांना तो आठवड्यातच नकोसा होतो. वैद्यकीय नोंदणी मात्र चालू ठेवा, तिच्या नूतनीकरणाच्या अटी आधीच वाचून ठेवा. मोठा खंड पडल्यावर परत यायचं तर अनेक ठिकाणी काही काळ देखरेखीखाली काम करावं लागतं, आणि तपासणारा हात सरावाविना लवकर बुजतो.