सहाला फाटक बंद, मग टक्का कसा वाढला?

तुम्ही विचारलंत म्हणून. २० नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा मतदानापासून, निवडणुकीचं काम करतो म्हटलं की हाच प्रश्न येतो: संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, शेवटी ६६.०५. मधली मतं आली कुठून?

आधी भागाकार करा. मतदार सुमारे ९ कोटी ७० लाख, केंद्रं लाखाच्या आसपास. वाढ केंद्रामागे पाऊणशे मतांची. सकाळी सातपासूनचा वेग ताशी पंचावन्न-साठ. म्हणजे पाच ते सहाचं मतदान, आणि वर रांगेत उरलेली वीसेक माणसं. शिवाय पाचचा आकडा यंत्रातून आपोआप जात नाही. तेव्हा केंद्राध्यक्ष तो फोनवर कळवायचा, पुढे बेरजा व्हायच्या. दारात गर्दी असेल तर आकडा शिळाच जायचा.

आता सहा वाजताचं सांगतो, कारण सगळी शंका तिथे आहे आणि ते कुणी पाहिलेलं नसतं. ठोक्याला फाटक लावायचं. केंद्राध्यक्षाने सहीच्या, क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या घेऊन रांगेच्या शेपटाकडे जायचं. एक नंबर सगळ्यात शेवटच्या माणसाला, मग तिथून दाराकडे. पुढचे भडकतात: "आम्ही तासभर उभे, आम्हाला बहात्तर आणि याला एक?" चिठ्ठी आत जाण्याचा क्रम ठरवत नाही, शेपूट बंद करते. दाराकडून वाटत गेलात तर वाटेपर्यंत मागे दहा जण वाढतात. एका शाळेत चार केंद्रं आणि फाटक एकच असेल तर गोंधळ ठरलेला. कोण कुठल्या रांगेतलं? पारावर टेकलेली म्हातारी रांगेत धरायची का? सहा वाजून दोन मिनिटांनी धापा टाकत आलेल्याला परत पाठवावंच लागतं, आणि त्याच वेळी आत सत्तर जण मत देताना त्याला दिसतात. तो गावभर काय सांगेल? नोंदवहीत सही, शाई, बटण, व्हीव्हीपॅटमधली, मत कुणाला गेलं ते सात सेकंद दाखवणारी चिठ्ठी, असं करत माणशी मिनिट जातं. सत्तर माणसं म्हणजे सव्वा सात.

शेवटचं मत पडलं की कंट्रोल युनिटवरचं क्लोजचं बटण दाबायचं. त्यानंतर मत घेताच येत नाही. एकूण आकडा नमुना १७-सी मध्ये उतरवून उमेदवारांच्या हजर प्रतिनिधींना प्रत द्यायची. हा आकडा मतदारांच्या सह्यांच्या १७-ए नोंदवहीशी जुळावा लागतो. सही करून मत न देता निघून गेलेल्याची नोंद शेऱ्यात करायची राहून गेली की हिशेब एकाने चुकतो. पहाटेच्या अभिरूप मतदानाची (मॉक पोल, म्हणजे यंत्र तपासायला घेतलेल्या चाचणीची) किमान पन्नास मतं क्लिअर करायची राहिली, तर ते यंत्र मोजणीत बाजूलाच ठेवतात.

म्हणून पूर्वी माझं उत्तर एवढंच असायचं: प्रतिनिधीकडून १७-सी घ्या आणि ताडून बघा. रात्री आठपर्यंत ज्यांचा माणूस केंद्रावर थांबत नाही त्यांनी ओरडू नये, हे आजही म्हणतो.

पण तुम्ही प्रतिनिधी नाही, मतदार आहात. तुमच्या हातात ती प्रत कोण देणार? वरचा भागाकार सरासरीचा. एखाद्या केंद्रावर सहानंतर दोनशे मतं पडली असतील तर सरासरीत ती दिसणार नाहीत. केंद्रनिहाय आकडे लगेच जाहीर करा, ही मागणी मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. लोकसभेची निवडणूक चालू असताना न्यायालयाने अंतरिम आदेश दिला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणुकीची कागदपत्रं कुणाला पाहता येतील हे सांगणारा नियम ९३ बदलला आणि सीसीटीव्ही चित्रणासारख्या गोष्टी सर्वांना पाहायला मिळण्यातून वगळल्या. मतदारांच्या खासगीपणाचं कारण पुढे केलं जातं. ते अगदीच पोकळ नाही: कोण आलं, कोण नाही, हे गावात दिसू नये. पण सहानंतरची रांग दाखवायला काय हरकत होती, याचं पटणारं उत्तर माझ्याकडे नाही. फाटक सहाला लागतं, हे मात्र मी सांगतच राहणार.