तुमचे देव किती?

मुदखेड, भोकर, हिमायतनगर करत गाडी सहस्रकुंडाच्या पुढे सरकली तशी सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं मागे पडली आणि दोन्ही बाजूंना सागवान लागलं. लातूरच्या मित्राला मराठवाड्यात जंगल आहे हे पटत नव्हतं. त्याला किनवटहून फोटोच पाठवला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ओळखीच्या एका गुरुजींबरोबर गोंडांच्या पाड्यावर पोचलो. त्या संध्याकाळी पाहुण्या गावाची दंडार, म्हणजे नाचणाऱ्यांचा ताफा, यायची होती. आधी ढोल ऐकू आले, मग झाडीतून घुसाडी, म्हणजे दंडारीतले सोंग घेतलेले नाचे, निघाले: अंगभर राख, खांद्यावर कातडं, डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, हातात काठी. हे दिवस सरेपर्यंत त्यांनी अंघोळ करायची नसते. मी मोबाईल काढला तसा एकाने काठी माझ्या पायाजवळ आपटली आणि पोरं खिदळली. बरंच झालं, मोबाईल खिशात गेला.

ही मंडळी तेलंगणातल्या आदिलाबादकडून आली होती. माझ्या डोक्यात लगेच 'दुसरं राज्य'. पण 1956 पर्यंत किनवटही आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, सगळा मुलूख निजामाचा. जल, जंगल, जमीन म्हणत निजामाशी लढलेला गोंड पुढारी कुमराम भीम 1940 मध्ये तिकडेच जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला बोलावलं. तो तिथल्या मारलावाई गावात राहिला. पुढे राज्यं भाषेवर वाटली गेली, पण सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या. अंगणात गोंडी, तेलुगू आणि आपली मराठी एकाच वाक्यात चालली होती.

रात्री शेकोटीजवळ एका आजोबांना मी वहीतला पहिला प्रश्न विचारला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"आधी तुमचं सांगा. तुमचे देव किती?"

मला वाटलं, तेहतीस कोटी म्हणावं. गुरुजींनी सावरून घेतलं. गोंडांत कुळं चार, पाच, सहा, सात अशा देवांत वाटलेली. मेश्राम सात देवांचे. एका संख्येची सगळी कुळं भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न नाही. अनोळखी माणूस भेटला की आकडा विचारायचा, म्हणजे तो भाऊ की सोयरा ते कळतं. नातं ठरल्याशिवाय बोलायचं तरी काय? आणि कुळाची सगळी कथा परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडी. तो किकरी हे तंतुवाद्य वाजवत ती सांगतो, यजमान ऐकतो. आपल्याकडच्या वंशावळीच्या फायलींपेक्षा ही सोय मला जास्त भरवशाची वाटली.

"आमच्यात असलं काही नसतं," मी म्हणालो. बोललो आणि अडखळलो. लग्नात मांडवाच्या मेढीला देवक बांधतात, एका देवकाचे असले तर सोयरीक होत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. फक्त त्याला कधी 'आदिवासी' म्हटलं नव्हतं. आणि आमचं देवक कोणतं, हेच आठवेना.

रेंज शोधत टेकाडावर गेलो आणि आत्याला फोन लावला.

"आत्ता रात्री कशाला रे? लग्न ठरलं का कुणाचं?"

"नाही गं, आपलं देवक कोणतं?"

"पंचपल्लव. शिकून इतकंबी ठाऊक नाही?"

खाली येऊन सांगितलं: पाच झाडांच्या डहाळ्या. आजोबांनी बोटं मोजली.

"म्हणजे पाचाचे. मंग बसा हिकडं, आपण भाऊच."

आणि वही मिटून जेवायला चला म्हणाले.